बेसिल: कुंडीत कसं वाढवायचं, पातेल्यात कधी घालायचं?

झारी

नमस्कार मंडळी. बेसिलबद्दल बऱ्याच धाग्यांवर तुकड्या-तुकड्याने लिहिलं गेलंय, पण एका जागी काहीच नाही, म्हणून हा धागा काढतेय.

मी कुंडीत साधं गोडं बेसिल लावते, तेच ते फुगीर, चकचकीत पानांचं. बी रुजायला त्रास देत नाही. पुढे मात्र ये रे माझ्या मागल्या! एकच दांडा सरळ वर जातो, हातभर होतो, शेंड्याला मंजिरी धरते. मग पानं बारीक यायला लागतात आणि बुंधा लाकडासारखा कडक होतो. पानं मी खालून तोडते. ती मोठी असतात, आणि वरच्या कोवळ्या पानांना आधी वाढू द्यावं असं माझं मत आहे.

दुसरा प्रश्न स्वयंपाकाचा. कुंडीला नुसता हात लागला तरी बोटांना वास येतो. तीच पानं टोमॅटोच्या सॉसमध्ये अर्धा तास शिजली की वासाचा मागमूस राहत नाही. हे वाणामुळे होतं, मातीमुळे, की शिजवण्यामुळे? बी पेरण्यापासून पेस्टो (बेसिलची इटालियन चटणी) काळा का पडतो इथपर्यंत सगळं लिहा. आपापले अनुभव हवेत, नुसती माहिती नको.

कात्री

झारी, वाणही ठीक आहे आणि मातीही. खालून तोडणं थांबवा आणि वरून खुडायला लागा. बाकी बरंचसं त्यातच सुटेल.

एकदा दांडा नीट न्याहाळा. पुदिन्याच्या कुळातलं रोप असल्याने तो चौकोनी असतो. पानं समोरासमोर जोडीने येतात आणि प्रत्येक जोडी खालच्या जोडीला काटकोनात असते. पान जिथे दांड्याला चिकटतं त्या बेचक्यात बघा. दोन्ही बाजूंना एकेक बारीक अंकुर दिसेल, कधी कधी त्याची इवलीशी पानंही उघडलेली असतात. हे अंकुर वाढायला तयारच असतात. पण शेंड्यात ऑक्सिन नावाचं संप्रेरक बनतं, ते दांड्यातून खाली उतरत राहतं आणि त्यांना दाबून ठेवतं. शेंडा काढला की तो दाब जातो आणि दोन्ही अंकुर जोमाने निघतात. एकाच्या दोन फांद्या, दोनाच्या चार. रोप डेरेदार होतं ते असं.

कापायचं ते पानांच्या जोडीच्या अगदी वर, जोडी शाबूत ठेवून. वर लांब खुंट ठेवू नका, तो काळा पडून कुजतो. रोपाला तीन-चार जोड्या आल्या की पहिला शेंडा घ्यायचा. तेव्हा जीवावर येतं, पण घ्यायचाच. पुढे दर फांदीला दोन-तीन नव्या जोड्या आल्या की परत. एका वेळी रोपाचा एक-तृतीयांशाहून जास्त हिरवा भाग काढायचा नाही, एवढं एकच पथ्य.

आणि खालची मोठी पानं तोडू नका. जुनी मोठी पानं उन्हात बसून सगळ्या रोपाला पोसत असतात. तुम्ही पोसणारी पानं काढता आणि उंच जाणारा शेंडा ठेवता, मग रोप म्हणजे नुसता उंच दांडा होणारच.

शेवंती

कात्रींना पूर्ण अनुमोदन. खुडणं म्हणजेच काढणी. ही दोन वेगळी कामं नाहीत.

मधमाशी

माझं मत थोडं वेगळं. मंजिरी दिसली रे दिसली की खुडा, असा धोशा सगळीकडे असतो. पण निदान एका रोपाला तरी फुलू द्यावं. बारीक पांढरी फुलं येतात आणि त्यांवर दिवसभर मधमाश्यांची ये-जा चालते. शेजारी टोमॅटो, काकडी, भोपळा असेल तर बागेत परागीकरण करणाऱ्या कीटकांची वर्दळ राहिलेली चांगलीच. फुलंही खाता येतात, सॅलडवर भुरभुरवा. चव पानांसारखीच, जराशी तिखट.

कात्री

मधमाशी, एका रोपाला फुलू देण्याबद्दल वाद नाही. पण खाण्यासाठी ठेवलेल्या रोपाला नको. फुलोरा धरला की त्या फांदीचा शेंडाच मंजिरी होतो, म्हणजे तिथून नवी पानं येणं बंद. रोपाची ताकद बियांकडे वळते, पानं लहान आणि जाडसर होतात, चवीत कडवटपणा येतो. वेगळी कुंडी ठेवा, सगळ्यांचंच भलं.

मधमाशी

हे मान्य. वेगळी कुंडी ठेवायचीच असेल तर आफ्रिकन ब्लू बेसिल बघा. संकरित आहे, बीच धरत नाही, म्हणून फुलतच राहतं. जांभळट देठ, जांभळट मंजिऱ्या. खायला कापराचा वास जास्त लागतो, पण मधमाश्यांसाठी याला तोड नाही. फक्त बियाणं मिळणार नाही, कलमच आणावं लागतं.

अंकुर

बी पेरण्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

बेसिलला ऊब लागते. माती २० ते २५ अंश सेल्सिअस असेल तर पाच ते दहा दिवसांत कोंब दिसतात. गार मातीत बी नुसतं पडून राहतं आणि बुरशीला आमंत्रण मिळतं. पाव ते अर्धा सेंटिमीटर खोल पुरे, वर माती नुसती भुरभुरायची. पाणी लागलं की बीभोवती निळसर-पांढरा बुळबुळीत थर फुगून येतो. ती बुरशी नसते, त्या थरात बी पाणी धरून ठेवतं. म्हणूनच भिजवून पेरायला जाऊ नका, बोटांना चिकटतं आणि एकावर एक गोळे पडतात. कोरडंच पेरा, फवाऱ्याने ओलं करा.

रोपं दाटीने उगवली तर विरळणी कराच. पूर्ण वाढणाऱ्या दोन रोपांत २० ते ३० सेंटिमीटर अंतर लागतं. काढलेली कोवळी रोपं मुळाकडची माती धुऊन सरळ सॅलडमध्ये.

नवखा

तयार कुंडीतलं बेसिल विकत आणलं की आठवड्यात माना टाकतं. पाणी घालतो, ऊन देतो, तरीही. कोणी सांगेल का?

अंकुर

नवखा, ती एक कुंडी म्हणजे एक रोप नसतं. कुंडी लगेच भरगच्च दिसावी म्हणून मूठभर मातीत डझनभर किंवा जास्तच रोपं दाटीने उगवलेली असतात. मुळांना जागा नाही, पानांमध्ये हवा नाही. आणलं की कुंडी पाण्यात ठेवून माती पूर्ण भिजू द्या, मग गड्डा बाहेर काढून अलगद तीन-चार भाग करा, मुळं शक्य तेवढी सांभाळून. प्रत्येक भाग वेगळ्या कुंडीत. दोन-तीन दिवस सावलीत, मग हळूहळू उन्हात. वरचा एक-तृतीयांश भाग लगेच खुडून टाका म्हणजे दुखावलेल्या मुळांवर भार येत नाही.

नवखा

धन्यवाद! आजच करतो.

शेवंती

भाग करताना जे दांडे मोडतात ते टाकू नका. फूल न आलेला कोवळा दांडा दहाएक सेंटिमीटरचा घ्या, पेराच्या खाली कापा, खालची पानं काढा आणि पाण्याच्या ग्लासात उजेडात ठेवा, पण थेट उन्हात नको. पाणी एक-दोन दिवसांनी बदला. आठवड्या-दोन आठवड्यांत पांढरी मुळं दिसतात. ती तीन-चार सेंटिमीटर झाली की मातीत. मातृरोपासारखंच रोप मिळतं, बियांच्या रोपात ती खात्री नाही.

मधमाशी

बियांची खात्री नाही हे अगदी बरोबर. लिंबू बेसिल, जांभळं, गोडं असे प्रकार शेजारीशेजारी फुलले तर आपसात संकर होतो. मग पुढच्या पिढीत काय निघेल सांगता येत नाही. बी धरायचं असेल तर एका वेळी एकच वाण फुलू द्या.

वरवंटा

आता पातेल्याकडे वळू या, धागा सगळा कुंडीतच रमलाय.

झारीताई, वास कुठे असतो ते बघितलंत की उत्तर मिळेल. भिंगाखाली पान धरा, विशेषतः खालची बाजू. पृष्ठभागावर चमकणारे बारीक गोल ठिपके दिसतील. त्या तेलाच्या ग्रंथी. सुगंधाचं सगळं भांडार त्या पातळ पडद्याच्या पिशव्यांत, पानाच्या वरच्यावर असतं. नुसता हात लागला तरी पिशव्या फुटतात आणि बोटांना वास येतो. गोड्या बेसिलमध्ये त्या तेलात लिनालूल हा फुलासारखा वास मुख्य, जोडीला निलगिरीची आठवण देणारं सिनिओल, लवंगेतलं युजेनॉल, आणि काही वाणांत बडीशेपेकडे झुकणारं एस्ट्रागोल. ही सगळी द्रव्यं वाफेबरोबर उडणारी. अर्धा तास सॉस रटरटला की वास तुमच्या घरभर गेलेला असतो, पातेल्यात नसतो.

म्हणून सॉस पूर्ण होऊ द्या, आच बंद करा, मिनिटभर थांबा आणि मग पानं हाताने फाडून घाला. झाकण ठेवा, दोन मिनिटांत वाढा. पिझ्झावर भट्टीतून काढल्यावर. सूपमध्ये ताटलीत वाढताना.

शिजताना काही घालायचंच असेल तर देठ घाला. कोवळे देठ दोऱ्याने बांधून सॉसमध्ये सोडायचे, शेवटी उचलून काढायचे. त्याने चवीला पाया येतो आणि ताज्या पानांचा वास वरून मिळतो.

कात्री

वरवंटा, उत्तम पोस्ट. माझ्या पोस्टशी याचा सांधाही जुळतो. कोवळ्या पानावर ग्रंथी दाटीने असतात, पान मोठं होत गेलं की त्या विरळ होतात. शेंड्याची कोवळी पानं खुडणाऱ्याला वासही जास्त मिळतो आणि रोपही भरतं. खालचं मोठं पान तोडणारा दोन्हीकडून तोट्यात.

झारी

हे वाचून आत्ता बाल्कनीत भिंग घेऊन जाऊन आले. खरंच दिसतात हो ठिपके! सोनेरी, चमकदार. घरातल्या सगळ्यांना दाखवून झाले.

तीन कुंड्यांचे शेंडे काढलेत. आता पेस्टोबद्दल सांगा.

जिरंमिरं

पेस्टोचं गाव म्हणजे इटलीतलं जेनोवा. तिथल्या लिगुरिया प्रांतातल्या बेसिलला युरोपीय संघाने २००५ मध्ये संरक्षित नाव दिलं. पारंपरिक पेस्टोत सात गोष्टी: बेसिल, ऑलिव्ह तेल, पाइन नट्स, लसूण, जाडं मीठ आणि दोन प्रकारचं चीज, पार्मिजानो आणि मेंढीच्या दुधाचं पेकोरिनो. संगमरवरी खल आणि लाकडी बत्ता. आधी लसूण आणि मीठ, मग नट्स, मग पानं थोडी थोडी, बत्ता आपटायचा नाही, कडेकडेने गोल फिरवून पानं रगडायची. चीज नंतर, तेल सगळ्यात शेवटी.

तिथे पास्त्याबरोबर त्याच पाण्यात बटाट्याच्या फोडी आणि फरसबी उकडून सगळं एकत्र पेस्टोत घोळवतात. अवश्य करून बघा. बटाट्याच्या पिठूळपणामुळे पेस्टो पास्त्याला छान धरून राहतो. पेस्टो कधीही गॅसवर गरम करायचा नाही. पास्त्याचं चमचाभर गरम पाणी घालून सैल करायचा.

वरवंटा

आता काळा पडण्याबद्दल. पान फाटलं की पेशींमधली फेनॉलवर्गीय द्रव्यं आणि पॉलिफेनॉल ऑक्सिडेझ हे विकर (एन्झाइम) एकत्र येतात, हवेतला प्राणवायू मिळतो आणि तपकिरी रंग तयार होतो. कापलेलं सफरचंद लाल पडतं तेही असंच. मिक्सरमध्ये दोन गोष्टी वाईट होतात: पातं गरम होतं आणि भरपूर हवा मिसळली जाते. रंग टिकवायचा तर पानं उकळत्या पाण्यात पाच-दहा सेकंद बुडवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाका, घट्ट पिळून पूर्ण कोरडी करा. उष्णतेने विकर निकामी होतं आणि पेस्टो दोन-तीन दिवस हिरवागार राहतो.

जिरंमिरं

पानं उकळत्या पाण्यात? मुळीच नको! कच्च्या पानाचा जो झणका असतो तो निम्मा तिथेच जातो. तुम्हीच वर लिहिलंत की तेल पानाच्या वरच्यावर असतं, मग ते उकळत्या पाण्यात बुडवून कसं चालेल?

मिक्सरवाल्यांनी भांडं आणि पातं फ्रीजरमध्ये गार करावं, थांबत थांबत फिरवावं आणि लगेच खावं. पेस्टो ताजा खाण्याचाच पदार्थ आहे.

वरवंटा

जिरंमिरं, वास थोडा कमी होतो हे खरं. आजच खायचा असेल तर मीही पानं कच्चीच घेतो. पण चार माणसं उद्या जेवायला येणार असतील तर हिरवा रंग मला महत्त्वाचा वाटतो. मधला मार्ग म्हणजे तीन भाग पानं बुडवलेली आणि एक भाग कच्ची. रंग टिकतो आणि वासही येतो.

आणि एक, ऑलिव्ह तेल मिक्सरमध्ये जोरात फिरवू नका. त्यातली कडवट द्रव्यं मोकळी होऊन सगळा पेस्टो कडू होऊ शकतो. बाकीचं वाटून घ्या, तेल चमच्याने मिसळा.

टोमॅटोवेडी

कडू पेस्टोचं कोडं सुटलं! घरी सगळे पानांना दोष देत होते.

सावली

कडूवरून आठवलं. पाइन नट्स खाल्ल्यावर एक-दोन दिवसांनी तोंडाला धातूसारखी कडू चव येते आणि जे खाऊ ते कडूच लागतं, असं कोणाला झालंय का? मला झालं होतं. आजारी आहे असंच वाटत होतं.

जिरंमिरं

सावली, हो, हा प्रकार माहीत असलेला आहे. पाइनच्या काही विशिष्ट जातींच्या बियांनी होतो, विशेषतः पायनस अर्मांडी. नट्स खवट नसले तरीही होतो. काही दिवस, क्वचित दोन-तीन आठवडे टिकतो आणि आपोआप जातो, कायमचं काही होत नाही. पुढच्या वेळी अक्रोड, बदाम किंवा काजू घ्या. फ्रान्सच्या प्रोव्हान्समधल्या पिस्तूमध्ये तर नट्स नसतातच. बेसिल, लसूण आणि ऑलिव्ह तेल एवढंच, आणि ते भाज्यांच्या सूपमध्ये वरून घालतात. सुंदर लागतं.

नवखा

पेस्टो किंवा बेसिल-लसणाचं तेल बाटलीत भरून ओट्यावर ठेवलं तर किती दिवस टिकतं?

दवबिंदू

नवखा, ओट्यावर अजिबात ठेवू नका. हे मी कळकळीने लिहितेय. ताजी पानं आणि लसूण तेलात बुडवले की त्यांना हवा मिळत नाही, आंबटपणाही नसतो. अशा जागी क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जिवाणू वाढू शकतो आणि त्याचं विष प्राणघातक असतं. वासावरून, रंगावरून काहीच कळत नाही. असं तेल फ्रिजमध्ये ठेवून चार दिवसांत संपवा, नाहीतर गोठवा. गोठवलेलं बाहेर काढल्यावरही फ्रिजमध्येच वितळू द्या.

नवखा

बरं झालं विचारलं. फ्रिजमध्ये गेलं.

टोमॅटोवेडी

माझ्या बेसिलची पानं पिवळी पडायला लागली आहेत. गांडूळखत वाढवलं तरी फरक नाही. काय करू?

मधमाशी

नत्राची कमतरता असेल. पातळ केलेलं द्रवखत दर दोन आठवड्यांनी द्या. फार देऊ नका, नत्र जास्त झालं की पानं लुसलुशीत होतात पण वास कमी भरतो.

अंकुर

थांबा, आधी पान उलटं करून बघा. टोमॅटोवेडी, पिवळेपणा सगळ्या पानावर एकसारखा आहे, की शिरांच्या मध्ये पट्टे-चौकोन पडल्यासारखा? आणि सकाळी लवकर पानाच्या खालच्या बाजूला राखाडी-जांभळट लव दिसते का?

टोमॅटोवेडी

शिरांच्या मध्येच आहे. खाली आहे राखाडी काहीतरी, मला धूळ वाटली.

अंकुर

मग हा केवडा रोग, डाउनी मिल्ड्यू. नत्र कमी पडलं की आधी खालची जुनी पानं सरसकट फिकी होतात, असे शिरांनी आखलेले तुकडे पडत नाहीत. आणि धूळ असती तर पुसून गेली असती, ही लव मात्र परत येईल.

बेसिलवर हा रोग आणणाऱ्या सूक्ष्मजीवाचं नाव पेरोनोस्पोरा बेलबाहरी. पहिली नोंद १९३० च्या दशकात युगांडातली. नंतर कित्येक वर्षं फारसा कोणाच्या गावी नव्हता. २००० नंतर युरोपात पसरला, २००७ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडात दिसला आणि तिथून बेसिल पिकवणाऱ्यांची झोप उडाली. तो बियांतून येतो आणि वाऱ्यानेही. त्याचे बीजाणू रात्री, अंधारात, दमट हवेत तयार होतात. म्हणून पानं रात्रभर ओली राहणं हीच त्याची सोय.

आता करायचं ते हे. लागण झालेली रोपं उपटून पिशवीत बंद करून टाका, झटकू नका, कंपोस्टच्या ढिगातही नको. चांगली राहिलेली पानं आधी खुडून खाऊन टाका, हा रोग माणसाला बाधत नाही. पुढची लागवड विरळ करा, पाणी सकाळी आणि थेट मुळाशी द्या, पानांवर झारी नको.

झारी

माझ्या नावाचा उल्लेख झाला म्हणून आले. पानांवर झारी धरणार नाही, वचन! :)

टोमॅटोवेडी

उपटायचं म्हणजे रडू येतंय. पण करते. यावर मात करणारं एखादं वाण आहे का?

अंकुर

आहेत. अमेरिकेच्या रटगर्स विद्यापीठाने ऑब्सेशन, डिव्होशन, पॅशन, थंडरस्ट्रक अशी वाणं काढली. इस्रायलच्या बार-इलान विद्यापीठातल्या कामातून प्रॉस्पेरा आलं. पूर्ण अभेद्य कोणतंच नाही, पण हंगाम निघून जातो. लिंबू बेसिल आणि काही मसाल्याच्या वासाच्या प्रकारांवर हा रोग तसाही कमी येतो.

एखादं रोप पाणी असूनही एका बाजूने मान टाकत असेल आणि दांड्यावर तपकिरी रेघ चढत असेल तर तो मर रोग, फ्युझेरियम बुरशीचा. ती मातीत वर्षानुवर्षं राहते. त्या कुंडीतली माती बदला. नुफार हे वाण त्याला दाद देत नाही.

सावली

जरा विषयांतर करते. तुळस आणि बेसिल एकमेकांऐवजी वापरता येतात का? आणि थाई बेसिल म्हणजे नक्की कोणतं?

वरवंटा

दोन्ही ऑसिमम या एकाच प्रजातीतली, पण जाती वेगळ्या. तुळशीत युजेनॉलचा तिखट, लवंगी वास पुढे असतो, गोड्या बेसिलमधला फुलासारखा मऊपणा नसतो. पेस्टोत तुळस घातली तर जीभ बधिर होईल. थाई बेसिल मात्र गोड्या बेसिलचाच प्रकार. जांभळे देठ, टोकदार पानं, बडीशेपेसारखा गोड वास, आणि उष्णतेला जास्त दाद न देणारं. म्हणून ते गरम रश्श्यात, परतलेल्या पदार्थांत चालतं. दालचिनी बेसिलमध्ये मिथाइल सिनामेट असतं, लिंबू बेसिलमध्ये सिट्रल. नावाप्रमाणेच वास. हौस असेल तर जांभळं डार्क ओपलही लावा. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये त्याची पानं भिजवली की व्हिनेगर सुरेख गुलाबी होतं.

दवबिंदू

आणि गोड पदार्थ? बेसिलला नुसतं लसणाच्या दावणीला बांधू नका! स्ट्रॉबेरीच्या फोडींवर थोडी साखर, लिंबाचे थेंब आणि फाडलेली पानं घालून पंधरा मिनिटं ठेवा. पीचबरोबरही असंच. आइस्क्रीमसाठी दूध-क्रीम गरम करून आच बंद केल्यावर मूठभर पानं चुरडून घाला, वीस मिनिटं झाकून ठेवा, गाळा आणि पुढची कृती नेहमीसारखी. चव आधी दुधाची लागते आणि मग मागून हळूच बेसिलची. साखरेच्या पाकातही हेच: पाक उतरवल्यावर पानं, गार झाल्यावर गाळणं.

नवखा

खुडलेली पानं फ्रिजमध्ये ठेवली की दुसऱ्या दिवशी काळी. फ्रिज जास्त गार आहे का?

शेवंती

फ्रिज नेहमीसारखाच आहे. बेसिल मूळचं उष्ण प्रदेशातलं, १० अंशांच्या खाली पेशी दुखावतात आणि पान काळं पडतं. कुंडीतल्या रोपालाही गार रात्री सोसत नाहीत, अशा वेळी घरात घ्या. खुडलेले दांडे फुलांच्या गुच्छासारखे पाण्यात उभे करून ओट्यावर ठेवा, वर पिशवी सैलशी पांघरा. आठवडाभर ताजे राहतात, आणि बऱ्याचदा मुळंही फुटतात.

झारी

कात्री, खुडलेल्या कुंड्यांमध्ये प्रत्येक पेरातून दोन-दोन फांद्या निघाल्यात. माझं खालून तोडायचं मत मी मागे घेतलं. सॉसमध्येही पानं शेवटी घातली, घरच्यांनी "आज काय वेगळं घातलंस?" विचारलं.

आता राहिली एक जुनी कुंडी. दांडा खाली लाकडासारखा, उघडा, पानं नुसती टोकाला. ती जमिनीपासून चार बोटांवर छाटली तर फुटेल का?

कात्री

झारी, नको. पान नसलेल्या लाकडी दांड्यावर बेसिल सहसा फुटत नाही. छाटणीनंतर प्रत्येक फांदीवर खाली निदान एक-दोन हिरव्या जोड्या राहिल्याच पाहिजेत. तुमच्या त्या कुंडीत खाली काहीच नाही, तेव्हा टोकं कलमासाठी घ्या. मंजिरी असेल ती आधी काढा, शेवंतीने सांगितल्याप्रमाणे पाण्यात ठेवा. फुलोऱ्यावर आलेली टोकं उशिरा मुळं धरतात, म्हणून जास्तीची घ्या. मुळं दिसेपर्यंत जुनं रोप टाकू नका.

झारी

टोकं ग्लासात ठेवली. खुडलेल्या पानांचा ढीग मात्र झालाय. वाळवून ठेवू का?

दवबिंदू

वाळवलं की बराचसा वास उडतो, उरतं ते गवतासारखं. त्यापेक्षा गोठवा. पानं धुऊन पूर्ण कोरडी करा, ऑलिव्ह तेलात जाडसर वाटा, बर्फाच्या साच्यात भरा. घट्ट झाले की खडे पिशवीत काढून हवा दाबून बंद करा. लसूण आणि चीज आत्ता घालू नका, वापरताना घाला. सॉस उतरवल्यावर एक-दोन खडे टाकून ढवळायचं.

टोमॅटोवेडी

माझ्या नव्या बियांना कोंब आलेत. या वेळी विरळ पेरलंय, आणि रोज सकाळी पानं उलटून बघणार आहे.